तीन वर्षांची मुदत, सत्तर वर्षांचे काम : भारताच्या विधी आयोगाचा इतिहास

स्वतंत्र भारताच्या विधी आयोगाला ५ ऑगस्ट २०२५ रोजी सत्तर वर्षे पूर्ण झाली. मात्र या सत्तर वर्षांत एकच आयोग अखंडपणे काम करत राहिला, असे म्हणता येत नाही. निवडणूक आयोग संविधानाने निर्माण केला, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ च्या कायद्याने अस्तित्वात आला; विधी आयोगाच्या पाठीशी मात्र संविधानातील अनुच्छेदही नाही आणि संसदेचा कायदाही नाही. केंद्र सरकार एक आदेश काढते, त्या आदेशाने आयोग साधारणतः तीन वर्षांसाठी नेमला जातो, मुदत संपली की तो विसर्जित होतो आणि पुढचा आयोग नव्या क्रमांकाने, नव्या अध्यक्षासह उभा राहतो. असे तेवीस आयोग आजवर नेमले गेले. अध्यक्ष कोण असावा, कोणते विषय सोपवावेत, मुदतवाढ द्यावी की नाही आणि हाती आलेल्या अहवालाचे पुढे काय करावे, या चारही गोष्टी त्या त्या वेळच्या सरकारच्या इच्छेवर अवलंबून असल्यामुळे या संस्थेचा इतिहास हा दिल्लीत आलेल्या सरकारांनी न्यायव्यवस्थेकडे कोणत्या नजरेने पाहिले, याचाही इतिहास ठरतो.

परंतु ही या इतिहासाची एक बाजू झाली. सरकार बदलते, आयोगाची मुदत संपते, अहवाल मात्र मागे राहतो; आणि ज्या सरकारने तो मागवला त्याने बाजूला ठेवलेली शिफारस वीस, तीस किंवा पन्नास वर्षांनी वेगळ्याच पक्षाचे सरकार उचलते, कधी ती न्यायालयाच्या निकालपत्रातून परत येते. २०२४ पर्यंतच्या बावीस आयोगांनी दिलेल्या २८९ अहवालांकडे असे पाहिले, म्हणजे ज्या संस्थेला स्वतःचे स्थैर्य कधीच मिळाले नाही तिच्या कामाला एवढे दीर्घ आयुष्य कसे लाभले, हे समजू लागते.

आयोगाची कामाची पद्धत येथेच सांगणे सोयीचे होईल. विषय तीन वाटांनी येतो : कायदा मंत्रालय तो सोपवते, सर्वोच्च न्यायालय एखाद्या खटल्यात तसे सुचवते, किंवा आयोग आपणहून तो हाती घेतो. मग प्रश्नावली तयार होऊन उच्च न्यायालये, राज्य सरकारे, वकील संघ आणि विधी महाविद्यालये यांच्याकडे जाते. उत्तरे येतात, देशोदेशीचे कायदे पडताळले जातात आणि मसुद्यावर सदस्यांच्या सह्या होतात. छापील अहवालाच्या आरंभी अध्यक्षांचे कायदामंत्र्यांना लिहिलेले अर्धशासकीय पत्र असते. विषय केव्हा आला, काम कसे झाले आणि अहवाल आता सुपूर्द होत आहे, एवढेच त्यात सहसा असते. पण जुने अहवाल एकापुढे एक ठेवून केवळ ही पत्रे वाचली, तरी पत्र स्वीकारणारा मंत्री बदलत गेल्याचे आणि विषय मात्र तोच राहिल्याचे लक्षात येते. अहवाल यथावकाश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. त्यातील शिफारस ही केवळ शिफारस असते, ती सरकारवर बंधनकारक नसते. आयोगाचे अध्यक्ष बहुतेक वेळा निवृत्त न्यायमूर्ती असतात, काही सदस्य पूर्णवेळ तर काही अर्धवेळ असतात, आणि कायदा मंत्रालयाच्या दोन विभागांचे सचिव पदसिद्ध सदस्य म्हणून, म्हणजे पदामुळे आपोआप, आयोगात बसतात. ही शेवटची तरतूद वरवर किरकोळ दिसते, पण पुढे एका मोठ्या प्रश्नावर तिचे महत्त्व दिसून आले.

पूर्वपीठिका

आयोगाची कल्पना कंपनी सरकारच्या काळातील आहे. १८३३ च्या सनदी कायद्यानुसार मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली पहिला विधी आयोग नेमला गेला आणि त्याने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला. त्या आयोगात मुंबई इलाख्याच्या वतीने जॉर्ज अँडरसन हे सदस्य होते. मसुद्याचा कायदा होण्यास १८६० साल उजाडले आणि १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. म्हणजे अहवाल आणि कायदा यांच्यातील दीर्घ अंतराची परंपरा अगदी पहिल्या अहवालापासूनची आहे. मसुद्यात असलेले राजद्रोहाचे कलम १८६० च्या संहितेतून गळाले, ते १८७० मध्ये कलम १२४-अ म्हणून घालण्यात आले, आणि त्याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये अठरा महिन्यांची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. एकोणिसाव्या शतकात आणखी तीन आयोग झाले. करार, पुरावा, मालमत्ता हस्तांतरण यांविषयीचे जे कायदे मराठी वकिलांच्या पिढ्यांनी पाठ केले, त्यांपैकी बहुतेकांची घडण त्या काळातली आहे.

सेटलवाड आयोग आणि चौदावा अहवाल

स्वातंत्र्यानंतर संविधान नवे झाले, पण रोजच्या व्यवहारातील कायदे जुनेच राहिले. त्यांची तपासणी करण्यासाठी नेहरू सरकारने ५ ऑगस्ट १९५५ रोजी स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग नेमला. मुंबईतील नामवंत वकील आणि देशाचे पहिले महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च कायदा सल्लागार, मोतीलाल सेटलवाड हे त्याचे अध्यक्ष होते. सदस्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला होते, के. एन. वांछू आणि एस. एम. सिक्री हे पुढे सरन्यायाधीश झालेले दोघे होते, आणि पुढे उपराष्ट्रपती झालेले गोपाल स्वरूप पाठकही होते. इतक्या तोलामोलाची माणसे एका टेबलाभोवती बसलेला आयोग पुढे क्वचितच झाला.

या आयोगाने चौदा अहवाल दिले आणि त्यांतला शेवटचा, १९५८ चा चौदावा अहवाल, आजही न्यायव्यवस्थेविषयीच्या कोणत्याही गंभीर चर्चेचा आरंभबिंदू आहे. न्यायदानाच्या कारभाराची फेररचना हा त्याचा विषय होता. तालुक्याच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले कोठे आणि का तुंबतात, याची पाहणी आयोगाने केली आणि जे आढळले ते आडपडदा न ठेवता लिहिले. उच्च न्यायालयांतील काही नेमणुका कार्यकारी सत्तेच्या, म्हणजे मंत्री आणि शासन यांच्या, दबावाखाली झाल्या आणि गुणवत्तेखेरीज प्रादेशिक व जातीय विचारांनाही त्यांत स्थान मिळाले, असा निष्कर्ष त्या अहवालात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी नेमणुका स्वीकारू नयेत, असेही त्यात सुचवले आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या स्तरावर गुणवान तरुण यावेत म्हणून प्रशासकीय सेवेप्रमाणे अखिल भारतीय न्यायिक सेवा असावी, ही कल्पनाही तेथे मांडली गेली.

सरकारचा सर्वोच्च कायदा सल्लागार ज्या आयोगाचा अध्यक्ष आहे, त्या आयोगाने त्याच सरकारला अप्रिय वाटेल अशी गोष्ट छापून द्यावी, आणि ती देऊनही त्या गृहस्थांनी महान्यायवादीपद पुढे पाच वर्षे सांभाळावे, ही त्या काळाच्या सार्वजनिक जीवनाची उंची होती. सरकारने नेमणुकांवरील टीका मान्य केली नाही. तरीही त्यानंतर न्यायाधीशांच्या नेमणुकांचा वाद जेव्हा जेव्हा पेटला, तेव्हा तेव्हा दोन्ही बाजूंनी चौदाव्या अहवालाचाच आधार घेतला.

संहितांची फेररचना

साठच्या दशकात न्या. टी. एल. वेंकटराम अय्यर आणि न्या. जे. एल. कपूर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग एकेका कायद्याची छाननी करत राहिला. १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालात फाशीची शिक्षा कायम ठेवावी, असे मत त्याने दिले. या कामाचे सर्वांत ठळक फळ म्हणजे के. व्ही. के. सुंदरम यांच्या अध्यक्षतेखालील पाचव्या आयोगाचा १९६९ चा एकेचाळिसावा अहवाल. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी इंदिरा गांधी सरकारने १९७३ ची संहिता आणली आणि ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तिचा पाया या अहवालात आहे.

या संहितेतील दोन गोष्टी सामान्य माणसाच्या आयुष्यात थेट उतरल्या. पहिली म्हणजे न्यायदान आणि महसुली कारभार यांची फारकत. इंग्रजी अमदानीत गुन्ह्याचा तपास ज्याच्या देखरेखीखाली होई, तोच अधिकारी पुष्कळदा दंडाधिकारी म्हणून निवाडाही करी. मुंबई राज्याने १९५१ मध्येच स्वतंत्र कायदा करून ही दोन कामे वेगळी केली होती; नव्या संहितेने ती व्यवस्था देशभर नेली. दुसरी गोष्ट म्हणजे अटकपूर्व जामीन. वजनदार माणसे आपल्या प्रतिस्पर्ध्याला खोट्या प्रकरणात गुंतवतात, हेतू एवढाच की त्याला चार दिवस कोठडीत बसवून त्याची अब्रू घालवावी, हे निरीक्षण आयोगाने नोंदवले आणि अटकेपूर्वीच सत्र न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे दाद मागता यावी, असे सुचवले. गावकीच्या राजकारणात पोलिस ठाण्याचा उपयोग कसा होतो हे पाहिलेल्या कोणालाही या निरीक्षणाची सत्यता सांगावी लागत नाही. कलम ४३८ त्यातून आले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८० मध्ये त्याचा उदार अर्थ लावला, तर उत्तर प्रदेशाने आणीबाणीत, १९७६ मध्ये, ते आपल्या राज्यापुरते रद्द केले आणि तेथे ते परत येण्यास २०१९ साल उजाडले. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्या अधिकारात असल्यामुळे दिल्लीने दिलेले संरक्षण एखादे राज्य असे काढून घेऊ शकते.

१९७१ ते १९७७ या काळात सहाव्या आणि सातव्या आयोगाचे अध्यक्षपद साताऱ्यात जन्मलेल्या प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्याकडे होते. सरन्यायाधीश आणि त्यानंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून काम केल्यावर त्यांनी हे पद स्वीकारले होते. दिवाणी प्रक्रिया संहितेवरील चोपन्नावा, हिंदू विवाह कायद्यावरील एकोणसाठावा आणि पुरावा कायद्यावरील एकोणसत्तरावा हे त्यांच्या काळातील मोठे अहवाल होत. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये आली, ती एकोणसाठाव्या अहवालानंतर.

त्याच विषयाचे पुढचे पाऊल मात्र अडखळले. संसार पुन्हा जुळण्याची कोणतीही शक्यता उरली नसेल, तर कोणाचा दोष याचा शोध न घेता विवाह संपुष्टात आणता यावा, असे आठव्या आयोगाने १९७८ च्या एकाहत्तराव्या अहवालात सुचवले. अठराव्या आयोगाने २००९ मध्ये तीच शिफारस पुन्हा केली. मनमोहन सिंग सरकारने २०१० मध्ये विधेयक आणले, ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते संमत केले, आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले; व्यपगत होणे म्हणजे सभागृहाबरोबर विधेयकाचेही आयुष्य संपणे. अखेर १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अनुच्छेद १४२ खालील आपल्या विशेष अधिकारात अशा कारणास्तव घटस्फोट देता येतो, असा निर्णय दिला. तो अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयापुरता आहे. जिल्ह्याच्या कौटुंबिक न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा घेणाऱ्या जोडप्यांना ती वाट अजून मोकळी नाही.

सत्तांतरानंतर

आणीबाणीत नागरिकाला स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात जाता येते की नाही, या प्रश्नावर २८ एप्रिल १९७६ रोजी एकट्याने विरोधी निकाल देणारे न्या. हंसराज खन्ना यांना डावलून जानेवारी १९७७ मध्ये त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश नेमण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. सत्तांतर झाल्यावर जनता सरकारने त्यांनाच आठव्या आयोगाचे अध्यक्ष केले. आयोगाच्या अध्यक्षाची निवड हे सरकारच्या न्यायविषयक धोरणाचे केवढे स्पष्ट निवेदन असू शकते, हे या नेमणुकीतून दिसते. खन्ना यांच्या काळात कनिष्ठ न्यायालयांतील दिरंगाई, उच्च न्यायालयांतील थकबाकी, न्यायाधीशांच्या नेमणुकीची रीत आणि तुरुंगांत खितपत पडलेले कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले किंवा उभाच न राहिलेले बंदी, या विषयांवर लागोपाठ अहवाल आले. कच्च्या कैद्यांवरील अठ्ठ्याहत्तरावा अहवाल १९७९ चा आहे आणि त्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतील अशा माणसांची कहाणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, हा योगायोग नव्हता. आणीबाणीत स्वतः तुरुंग पाहून आलेली माणसे सत्तेवर होती, आणि तुरुंगातील माणसाकडे पाहण्याची देशाची दृष्टी त्या दोन वर्षांत बदलली होती.

त्यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण विदर्भातून आले. १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने, तिने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत या कारणावर भर देत, पुन्हा निर्दोष ठरवले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदा-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर स्त्रियांची आंदोलने उभी राहिली. नवव्या आयोगाने एप्रिल १९८० मध्ये चौऱ्याऐंशिवा अहवाल दिला. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला आणि अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असा नियम आला. परंतु फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य 'सैल' असल्याचे दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील कलम १५५(४) तसेच राहिले. एकशेबहात्तराव्या अहवालाने २००० मध्ये ते वगळण्यास सांगितले आणि वाजपेयी सरकारच्या काळातील २००२ च्या दुरुस्ती कायद्याने ते गेले. मधल्या वीस वर्षांत ज्या स्त्रियांना भर न्यायालयात त्या कलमाखालची उलटतपासणी सोसावी लागली, त्यांना त्या विलंबाची भरपाई कोणीही देऊ शकत नाही.

न्यायाधीश किती असावेत

राजीव गांधी सरकारने न्या. डी. ए. देसाई यांच्या अकराव्या आयोगाकडे न्यायव्यवस्थेच्या एकूण रचनेचा विषय सोपवला. या आयोगाचा १९८७ चा एकशेविसावा अहवाल पानांनी लहान आहे, पण त्यातील एक आकडा आजही न्यायव्यवस्थेवरील प्रत्येक भाषणात येतो. दहा लाख लोकसंख्येमागे भारतात साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पाच वर्षांत पन्नास करावेत, असे त्यात म्हटले होते. ते झाले नाही. २१ मार्च २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच प्रमाण पाच वर्षांत गाठण्याचा आदेश दिला. तेही झाले नाही. २०११ च्या जनगणनेच्या आधारे केंद्र सरकारने अलीकडे संसदेत सांगितलेले प्रमाण मंजूर पदांचे आहे आणि तेही सुमारे २१ इतकेच आहे. यात सर्व पक्षांची सरकारे सारखीच वाटेकरी आहेत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा खर्च मुख्यतः राज्यांनी उचलायचा असल्याने केंद्राने धोरण ठरवायचे आणि राज्याने इमारत, कारकून व न्यायाधीश द्यायचे, अशी ही विभागणी आहे, आणि तिच्या सांध्यात हा आकडा अडकून पडला आहे. याच आयोगाने १९८६ मध्ये सुचवलेल्या ग्रामन्यायालयांचा कायदा २००८ मध्ये झाला आणि २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. पण ती स्थापन करणे राज्यांच्या इच्छेवर सोडल्यामुळे त्यांचाही प्रसार मर्यादितच राहिला. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी स्वतंत्र आयोग असावा, ही एकशेएकविसाव्या अहवालातील कल्पना २०१४ मध्ये घटनादुरुस्तीच्या रूपाने आली आणि १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

नव्वदच्या दशकातील अस्थिर सरकारांचा परिणाम आयोगावरही झाला. पुढील काळात सरकारच्या सुरक्षाविषयक गरजा आयोगाच्या विषयपत्रिकेवर आल्या. १९९५ मध्ये टाडा कायद्याची मुदत संपल्यानंतर गृह मंत्रालयाच्या सांगण्यावरून पंधराव्या आयोगाने एकशेत्र्याहत्तराव्या अहवालात दहशतवादविरोधी विधेयकाचा मसुदा दिला, वाजपेयी सरकारने २००२ मध्ये पोटा कायदा केला, आणि २००४ मध्ये आलेल्या सरकारने तो त्याच वर्षी रद्द केला.

याच सुमारास दुसरी एक प्रथा रुळली. मोठ्या विषयासाठी आयोगाऐवजी वेगळी समिती नेमण्याची ही प्रथा होय. २००० मध्ये न्या. मळीमठ यांची समिती फौजदारी न्यायव्यवस्थेसाठी नेमली गेली. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा यांच्या समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये त्यावर कायदाही झाला. वर्मा समितीचे काम उत्तम होते यात शंका नाही. परंतु ज्या प्रश्नांवर आयोगाचे अहवाल आधीच मंत्रालयात होते, त्यांच्यासाठी देशाला एवढ्या मोठ्या आघाताची वाट पाहावी लागली, हे दुःखद आहे.

एका कलमाचा प्रवास

सरकारे, न्यायालये आणि आयोग यांच्यातील देवाणघेवाण किती लांबते, हे दंड संहितेच्या कलम ३०९ वरून जितके स्पष्ट दिसते तितके अन्य कशावरूनही दिसत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करून जो वाचला, त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा दंड, असे ते कलम होते. कीटकनाशक प्यायलेला शेतकरी ग्रामीण रुग्णालयात आणला की केसपेपरवर 'एमएलसी' असा शेरा पडे, म्हणजे हे पोलिसांना कळवण्याचे प्रकरण ठरे. सलाईन लावलेल्या माणसाच्या खाटेशेजारी हवालदार जबाब घेण्यास उभा राही, आणि घरच्यांना एकीकडे औषधांची आणि दुसरीकडे गुन्हा दाखल होण्याची धास्ती असे. काही कुटुंबे त्या भीतीने रुग्णाला उशिरा आणत किंवा चुकून औषध पोटात गेल्याचे सांगत.

१९७१ मध्ये बेचाळिसाव्या अहवालाने हे कलम काढून टाकावे, असे म्हटले. जनता सरकारच्या काळात १९७८ मध्ये तशी तरतूद असलेले विधेयक राज्यसभेने संमत केले, पण १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. १९८६ मध्ये मानसिक आजाराने ग्रस्त झालेल्या एका पोलिस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाद्वारे हे कलम घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच मत दिले, तर १९९६ मध्ये घटनापीठाने ते फिरवले. त्यानंतर १९९७ च्या एकशेछप्पन्नाव्या अहवालात आयोगानेच आपले पूर्वीचे मत बदलून कलम ठेवावे असे म्हटले आणि २००८ च्या दोनशेदहाव्या अहवालात पुन्हा ते काढावे असे म्हटले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, अशी तरतूद केली, पण कलम पुस्तकात तसेच राहिले. १ जुलै २०२४ रोजी दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा त्यात ते आले नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला. शिफारस ते अंमल या प्रवासाला त्रेपन्न वर्षे लागली.

अलीकडचा काळ

फाशीच्या प्रश्नावर १९६७ चे मत २०१५ मध्ये बदलले. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या विसाव्या आयोगाने मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑगस्ट २०१५ रोजी, दोनशेबासष्टावा अहवाल दिला आणि दहशतवादाचे गुन्हे व देशाविरुद्ध युद्ध पुकारणे वगळता फाशी रद्द करावी असे सुचवले. तीन सदस्यांनी त्याला असहमती नोंदवली आणि त्यांपैकी दोघे सरकारचे सचिव, म्हणजे पदसिद्ध सदस्य होते. शिफारस स्वीकारली गेली नाही.

आयोग बदलला की मतही बदलते, हे त्यानंतर दोन विषयांत ठळकपणे दिसले. न्या. बलबीरसिंग चौहान यांच्या एकविसाव्या आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये काढलेल्या चर्चापत्रात समान नागरी कायदा सध्या आवश्यक नाही आणि इष्टही नाही, असे म्हटले होते. बाविसाव्या आयोगाने जून २०२३ मध्ये त्याच विषयावर नव्याने जनतेची मते मागवली. राजद्रोहाच्या कलमाचा फेरविचार व्हावा, असा एकविसाव्या आयोगाचा सूर होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा वापर स्थगित केला. तर बाविसाव्या आयोगाने २०२३ च्या दोनशेएकोणऐंशिव्या अहवालात ते कलम ठेवावे आणि तीन वर्षांच्या शिक्षेची मर्यादा सातवर न्यावी, असे सांगितले. न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये 'राजद्रोह' हा शब्द नाही, सात वर्षांची शिक्षा मात्र आहे.

एकविसावा आयोग ३१ ऑगस्ट २०१८ रोजी संपला. बाविसाव्याची अधिसूचना फेब्रुवारी २०२० मध्ये निघाली, आणि अध्यक्ष न्या. ऋतुराज अवस्थी यांची नेमणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. या चार वर्षांहून अधिक काळात आयोगाला अध्यक्ष नव्हता, आणि त्याच काळात, २०२० मध्ये, मेकॉलेच्या संहितेसह तिन्ही फौजदारी कायदे बदलण्याचे काम गृह मंत्रालयाने दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील एका समितीकडे दिले. विधी आयोगाची कल्पना ज्या संहितेच्या मसुद्यातून रुजली, तिच्या जागी नवी संहिता येताना मुख्य जबाबदारी आयोगाकडे असायला हवी होती. आयोगाच्या सत्तर वर्षांतील ही सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. तरीही फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ मध्ये अटकपूर्व जामीन आहे, प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेत सवलत मिळवण्याची १९९६ च्या अहवालात सुचवलेली पद्धत, आहे. म्हणजे जुन्या आयोगांची अक्षरे नव्या पुस्तकातही उतरली आहेत.

तेविसावा आयोग १ सप्टेंबर २०२४ पासून तीन वर्षांसाठी अस्तित्वात आला असून न्या. दिनेश माहेश्वरी हे त्याचे अध्यक्ष आहेत. सेटलवाड आयोगाने १९५८ मध्ये सुचवलेली अखिल भारतीय न्यायिक सेवा १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१२ मध्ये लिहिली गेली, १९७८ आणि १९८६ च्या अहवालांत तिचा पुन्हा आग्रह धरला गेला, मुख्यमंत्री व मुख्य न्यायाधीशांच्या संयुक्त परिषदेतही तिची चर्चा झाली, आणि राज्ये व उच्च न्यायालये यांचे एकमत न झाल्याने त्या सेवेची पहिली परीक्षा अद्याप व्हायची आहे.